बोटुकलीच्या खाद्यात प्रीबायोटिक घालावं का?

खिंडसीकाठ
नमस्कार. रामटेकजवळ आमचा लहानसा गट आहे. पावसाळ्यात मत्स्यबीज आणायचं, सिमेंटच्या टाक्यांत आणि छोट्या तळ्यांत बोटुकलीएवढं, म्हणजे बोटभर लांबीचं, वाढवायचं आणि आसपासच्या मच्छीमार सोसायट्यांना, शेततळेवाल्यांना विकायचं, हा आमचा धंदा. मुख्यतः रोहू आणि कटला, थोडा मृगळ.

वाढीबद्दल तक्रार नाही. त्रास मरतुकीचा आहे. टाकीत असेपर्यंत पिल्लं ठणठणीत दिसतात. जाळं ओढलं, मोजणी झाली, ऑक्सिजनच्या पिशव्यांत भरून गिऱ्हाइकाच्या तळ्यात सोडली, की पुढच्या दोन-चार दिवसांत मेलेली पिल्लं काठाला लागतात. काहींच्या अंगावर लाल चट्टे दिसतात. ज्याने कर्ज काढून शेततळं भरलंय त्याचा फोन आला की उत्तर द्यायला जीभ रेटत नाही.

खाद्य विकणाऱ्याने एक पावडर सुचवली आहे. पिशवीवर लिहिलंय: यीस्टची पेशीभित्तिका, मॅनन ऑलिगोसॅकराइड, बीटा ग्लुकान. मात्रा खाद्याच्या किलोमागे ५ ग्रॅम. हे प्रीबायोटिक आहे, याने ताकद येते, वाढ झपाट्याने होते आणि औषध लागत नाही, असं त्याचं म्हणणं. लहान माशांवर हे खरंच काम करतं का? करत असेल तर कसं? आणि आमच्यासारख्यांनी ते घ्यावं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

ढेपकोंडा
वाचतोय. आमच्या मौद्याकडेही हीच पावडर फिरून राहिली. एकानं घेतली, तो म्हणते लई फरक पडला. दुसऱ्यानं घेतली, तो म्हणते काहीच नाही झालं. कोणाचं खरं मानावं?

पाणवनस्पती
दोघांचंही खरं असू शकतं, आणि ते का, हे सांगायला थोडं लांब लिहावं लागेल. मी तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकले, आता खाद्य आणि पोषण याच विषयात काम करते.

आधी प्रीबायोटिक म्हणजे काय ते पाहू. ही कल्पना गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली, तीही माणसाच्या मोठ्या आतड्याबद्दल. खाणाऱ्याला स्वतःला पचत नाही, पण त्याच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना वाढायला मदत करतो, असा अन्नातला भाग. प्रोबायोटिकमध्ये जिवंत जिवाणू बाहेरून देतात. प्रीबायोटिकमध्ये जे आत आहेत त्यांना खाऊ घालतात. बी पेरणं आणि खत घालणं यात जो फरक, तोच इथे. म्हणून खताचा उपयोग होण्यासाठी आधी शेतात चांगलं बी असावं लागतं, हेही ओघाने आलंच.

माशांच्या खाद्यात साधारण हे प्रकार वापरतात: इन्युलिन (चिकोरीच्या मुळापासून काढतात, कांदा-लसणातही ते असतं), फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, आणि मॅनन ऑलिगोसॅकराइड, ज्याला सगळे एमओएस म्हणतात. तुमच्या पिशवीत एमओएस आणि बीटा ग्लुकान आहे. दोन्ही यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या त्याच सॅकरोमायसीसच्या, पेशीभित्तिकेतून येतात. पण दोघांचं काम वेगळं आहे.

एमओएसचं काम असं. बऱ्याच रोगकारक जिवाणूंच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात. ते आतड्याच्या भित्तिकेवरच्या मॅनोज साखरेला धरतात आणि तिथेच ठाण मांडतात. खाद्यातच मॅनोज असलेले कण असतील तर जिवाणू त्यांना चिकटतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. आतड्याला चिकटायची संधी कमी मिळते.

बीटा ग्लुकान जिवाणूंचं खाद्य म्हणून फारसं नाही, माशाच्या पांढऱ्या पेशींना जागं करण्यासाठी ओळखलं जातं. बुरशी आणि यीस्टच्या भित्तिकेत ते असतं, त्यामुळे शरीराला ते परकं वाटतं आणि संरक्षक पेशी आधीच तयारीला लागतात. काटेकोर बोलायचं तर त्याला प्रतिकारशक्ती-उद्दीपक म्हणावं, पण बाजारात दोन्ही एकाच नावाखाली विकतात.

इन्युलिनसारख्या गोष्टी आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लघुशृंखला मेदाम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराच्या पेशी इंधन म्हणून वापरतात. अस्तर निरोगी राहिलं, त्याच्या घड्या उंच झाल्या, तर अन्न शोषून घ्यायला जागा वाढते. वाढ सुधारल्याचे निष्कर्ष जिथे मिळाले तिथे बहुतेक हेच कारण दिलं जातं.

रोहू-कटल्याबद्दल एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. या माशांना जठरच नसतं. घास थेट लांबच्या लांब आतड्यात जातो, त्यामुळे जठरातल्या आम्लाने हे घटक तुटायचा प्रश्न येत नाही. दुसऱ्या बाजूने, पाण्यातले आणि खाद्यातले जिवाणूही आम्लाच्या अडथळ्याशिवाय आत शिरतात. आतड्यात कोणते जिवाणू टिकतात, हे म्हणूनच या जातींत फार मोलाचं ठरतं.

बायोफ्लॉक_कळमेश्वर
मस्त माहिती ताई. मी पंगस आणि तिलापिया माशांची बायोफ्लॉक टाकी चालवतो, म्हणजे पाण्यातच जिवाणूंचे गोळे वाढवायची पद्धत. आम्ही रोज गूळ टाकतो. मग तो गूळसुद्धा प्रीबायोटिकच झाला ना? वेगळी पावडर कशाला?

पाणवनस्पती
नाही. गुळातली साखर पाण्यातले जिवाणू वापरतात. तुम्ही गूळ टाकता ते कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण १० ते २० ला १ ठेवायला, म्हणजे जिवाणू वाढतील आणि अमोनिया ओढून घेतील. साधी साखर माशाच्या पोटात गेलीच तरी वरच्या भागातच शोषली जाते, मागच्या जिवाणूंपर्यंत पोचतच नाही. प्रीबायोटिकची अटच ही की खाणाऱ्याला ते पचू नये.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे. फ्लॉक म्हणजे जिवाणू, शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचे गोळेच. मासे ते खातात, आणि त्यांच्या पेशीभित्तिकांमधून असे उद्दीपक पदार्थ त्यांना आपोआप मिळतात. म्हणून बायोफ्लॉकमध्ये वरून पावडर दिल्याचा फायदा स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा कमी दिसण्याची शक्यता जास्त.

जुनं_जाळं
आमच्या वडलायच्या वेळेस अशी कोणतीच पावडर नव्हती भाऊ. भंडाऱ्याकडचे मालगुजारी तलाव होते, त्यात शेण पडे, पानं सडत, पाणी हिरवं राहे, आन् मासोळी आपोआप वाढे. आता सिमेंटच्या टाकीत गच्च भरून ठेवता आन् मंग म्हणता पिल्लं काहून मरतात. मी कोणाला नावं ठेवून नाही राहिलो. पण पोटात काय जाते हे पाहासाठी आधी पाण्यात काय आहे ते पाहा लागते.

पाणवनस्पती
दादा, तुम्ही मुळावरच बोट ठेवलंत. मत्स्यजिऱ्याला, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला, पहिल्या घासाला लागतात रोटिफर, मग मोइना-डॅफनियासारखे पाण्यातले बारीक जीव. त्या जिवंत अन्नाबरोबरच त्यांच्या आतड्यात पहिले जिवाणू जातात आणि वस्ती करतात. शेण-खत देऊन नीट तयार केलेल्या तळ्यात ती वस्ती विविध असते. खत न घातलेल्या टाकीत पहिल्या आठवड्यापासून नुसती भुकटी टाकली तर ती तोकडी राहते. प्रीबायोटिक नवी जात निर्माण करू शकत नाही, असलेल्यांनाच बळ देतं. खिंडसीकाठ, तुमच्याकडे बीज कोणत्या अवस्थेत येतं? मत्स्यजिरे की त्याहून थोडं मोठं मत्स्यबीज?

खिंडसीकाठ
मत्स्यबीज. बरंचसं कलकत्त्याचं असतं, काही इथलं. आलं की टाकीत, आणि पहिल्या दिवसापासून शेंगदाणा ढेप आणि तांदळाचा कोंडा निम्मं-निम्मं, बारीक चाळून. पुढे पिल्लं मोठी झाली की तयार बारीक दाणे.

कन्हानची_लेक
मला इथेच विचारायचंय. आमच्या बचतगटाच्या बायका ढेप-कोंडाच वापरतात, तयार खाद्य परवडत नाही. अशा खाद्यात ही पावडर मिसळली तर चालेल का, की महागड्या दाण्यांबरोबरच तिचा उपयोग?

पाणवनस्पती
चालेल, पण आधी पैसा कुठे घालायचा ते पाहा. बोटुकलीला साधारण ३० ते ३५ टक्के प्रथिन लागतं. ढेप आणि कोंडा निम्मं-निम्मं केलं तर ते त्याच्या खाली राहतं, शिवाय ढेपेत लायसिन आणि मेथिओनिन कमी. त्यात थोडा सुक्या मासळीचा चुरा किंवा सोयाबीनची शिजवलेली पेंड आणि खनिज मिश्रण घातलं तर जो फरक दिसेल तो कोणत्याही पावडरीने दिसणार नाही. उपाशी पिल्लाला प्रीबायोटिक देऊन त्याचं पोट भरत नाही.

दुसरं, आणि हे मी फार कळकळीने सांगते: ढेप तपासा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हवा इतकी दमट की पोत्यातली शेंगदाणा ढेप आतून बुरशीते. त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते माशाचं यकृत खातं आणि प्रतिकारशक्ती पाडतं. उकळून, वाळवून ते जात नाही. यीस्टची भित्तिका काही बुरशीविषं धरून ठेवते हे खरं, पण त्याच्या भरवशावर काळी पडलेली, कुबट ढेप वापरू नका. फेकून द्या. खालच्या पोत्यांना लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून लांब ठेवा, आणि पावसाळ्यात एका महिन्याहून जास्त साठा करू नका.

ढेपकोंडा
हे बाकी पटलं. आमच्या गोदामात दर पावसाळ्यात एक-दोन पोते जाते.

सकाळचं_पाणी
मला विरुद्ध बाजू मांडायची आहे. उमरेडकडे माझं संगोपन तळं आहे. मी अशी पावडर वापरली, फरक शून्य. नंतर पाण्याचा ऑक्सिजन पहाटे मोजला तेव्हा कळलं की माझी पिल्लं पहाटे चार ते सहा या वेळात गुदमरत होती. दिवसा मीटर मस्त आकडा दाखवायचं, पहाटे तो निम्म्याहून खाली. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारं यंत्र, रात्री चालू ठेवला आणि मरतूक थांबली. पावडर चांगली असेल, पण माझा आजार तो नव्हताच.

नागपूरचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, ३५ ला सातही नाही. उष्णतेने माशाची गरज वाढते आणि पाण्याची क्षमता घटते, दोन्ही एकदमच. त्यात हिरवं पाणी रात्री स्वतःच ऑक्सिजन खातं. शिवाय ढग आलेल्या दिवशी शेवाळ ऑक्सिजन कमी बनवतं.

पाणवनस्पती
तुम्ही मोजून पाहिलंत आणि मोकळेपणाने इथे लिहिलंत, आभार. खिंडसीकाठ यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या प्रतिसादात आहे. बोटुकलीसाठी ५ मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन जाऊ देऊ नये. मोजायची वेळ पहाट. अमोनियाही तसाच: दुपारी सामू (पीएच) चढतो तेव्हा तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

बाजारभाव
मी खाद्य व्यवसायात आहे, हे आधीच सांगतो. माझ्या दुकानात अशा पावडरी विकल्या जातात. तरी मला वाटतं की इथे प्रीबायोटिकला थोडं कमी लेखलं जातंय. अमेरिकेत हायब्रिड स्ट्राइप्ड बास माशावर गॅटलिन या संशोधकाच्या गटाने यीस्टपासून बनवलेल्या प्रीबायोटिक मिश्रणाचे प्रयोग केले. स्ट्रेप्टोकॉकस आणि मायकोबॅक्टेरियम या जिवाणूंच्या दोन वेगळ्या रोगांना सामोरं नेल्यावर ते खाणारे मासे जास्त जगले. युरोपियन संघाने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं १ जानेवारी २००६ पासून बंद केलं. तेव्हापासून अशा पर्यायांवर खूप काम झालंय. हे फक्त विक्रेत्याचं बोलणं नाही.

पाणवनस्पती
बरोबर, ते प्रयोग भक्कम आहेत आणि मी त्यांना मानते. पण पूर्ण चित्र दाखवायचं तर दुसरी टोकंही दाखवायला हवीत. टर्बट माशाच्या अळ्यांना २ टक्के ऑलिगोफ्रुक्टोज दिल्यावर वाढ सुधारली. त्याच प्रयोगात इन्युलिनने तसं केलं नाही. दोन्ही फ्रुक्टोजच्याच साखळ्या, फक्त लांबी वेगळी. आर्क्टिक चार या थंड पाण्यातल्या माशाला खाद्यात १५ टक्के इन्युलिन दिलं तेव्हा आतड्याच्या पेशींचं नुकसान दिसलं, कारण न पचलेला माल पेशींमध्येच साठत गेला. बेलुगा स्टर्जनच्या पिल्लांत १ ते ३ टक्के इन्युलिनने वाढ उलट मंदावली.

हे सगळं एकत्र ठेवलं की ढेपकोंडा यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. एकाला फरक पडला, दुसऱ्याला नाही, कारण जात वेगळी, वय वेगळं, मात्रा वेगळी, मूळ खाद्य वेगळं आणि पाणी वेगळं. ज्याच्या टाकीत रोगाचा, गर्दीचा ताण मध्यम आहे त्याला फायदा दिसतो. ज्याचं सगळं उत्तम चाललंय त्याला सुधारायला जागाच नसते. आणि ज्याच्या पाण्यात ऑक्सिजनच नाही त्याला कशानेच दिसत नाही.

दुसरं असं की, चांगले निष्कर्ष वाढीपेक्षा ताण आणि रोग सोसण्याच्या बाबतीत जास्त सातत्याने येतात. म्हणजे "झपाट्याने वाढ" हा दावा सगळ्यात डळमळीत, आणि "हाताळणीनंतर जास्त जगतात" हा त्या मानाने भरवशाचा. खिंडसीकाठ यांची अडचण नेमकी दुसरी आहे. त्यामुळे त्यांनी करून पाहण्यात मला अर्थ वाटतो.

मात्रा वाढवून फायदा वाढत नाही. किलोमागे ५ ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का, एमओएससाठी वाजवी आहे. ट्राउटमध्ये किलोमागे २ ग्रॅमवरही चांगले निष्कर्ष आले आहेत. बीटा ग्लुकान महिनोन्‌महिने अखंड देऊ नये असं बरेच जण मानतात. सारखी जागी ठेवलेली प्रतिकार यंत्रणा हळूहळू प्रतिसाद द्यायची थांबते. विक्रीच्या आधीचे दोन-तीन आठवडे द्यावं, असं माझं मत.

बाजारभाव
विक्रीच्या आधीचे आठवडे, हे मलाही पटतं. गिऱ्हाइकाला मी इथून पुढे तसंच सांगीन. लेबलबद्दल एक भर घालतो. पिशवीवर "सीएफयू" असा आकडा असेल तर त्यात जिवंत जिवाणू आहेत, म्हणजे ते प्रोबायोटिक किंवा मिश्रण. त्याला ऊन आणि उष्णता चालत नाही. नुसता एमओएस दाणे बनवतानाची उष्णता सोसतो. ज्या पिशवीवर घटकाचं टक्केवारीतलं प्रमाण, उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक नाही ती घेऊ नका. आमच्याकडचीही घेऊ नका.

कन्हानची_लेक
घरी मिसळायचं कसं? पाण्यात विरघळून जाणार नाही का?

पाणवनस्पती
जातं, म्हणूनच चिकटवावं लागतं. फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड तर पाण्यात लगेच विरघळतं; यीस्टची भित्तिका कमी, पण धुपते. पद्धत अशी: तांदळाची घट्ट पेज किंवा साबुदाण्याच्या पिठाची खळ करा, थंड होऊ द्या. मोजलेली पावडर आधी थोड्या पेजेत एकजीव करा, मग दाण्यांवर ओतून हाताने हलक्या हाताने चोळा. सावलीत पसरून वाळवा. शेवटी दाण्यांवर किलोमागे थोडं खाद्यतेल फिरवलं तर वरचा थर लवकर धुपत नाही. एका वेळी दोन-तीन दिवसांचंच करा, पावसाळ्यात ओलसर दाणा बुरशीतो. ढेप-कोंड्याच्या गोळ्यात मात्र पीठ मळतानाच घाला, वरून लावायची गरज नाही.

हिशेब एकदा करून दाखवते, म्हणजे पिशवी किती पुरेल ते कळेल. समजा १०,००० बोटुकली, सरासरी ५ ग्रॅमची. एकूण वजन ५० किलो. दिवसाला वजनाच्या ५ टक्के खाद्य म्हणजे अडीच किलो. किलोमागे ५ ग्रॅमने पावडर साडेबारा ग्रॅम. तीन आठवड्यांत पाव किलोच्या थोडं वर, वजन वाढेल तसं थोडं अधिक. खर्च फार नाही. म्हणूनच करून पाहण्यासारखं आहे.

जुनं_जाळं
करून पाहासाठी कसं पाहाचं? एका टाकीत दिलं, बरं वाटलं, म्हणून झालं का?

पाणवनस्पती
नाही दादा, तिथेच घोळ होतो. एका टाकीत दिलं आणि शेजारच्या टाकीत नाही, तर फरक पावडरीचा की झाडाच्या सावलीचा, कसं कळणार? टाकीपरत्वे गर्दी, ऊन, पाण्याचा प्रवाह वेगळा असतो. म्हणून निदान तीन टाक्यांत द्यायचं आणि तीन टाक्यांत तेच खाद्य, तीच पेज, तेच तेल, फक्त पावडरीशिवाय. कोणत्या टाक्यांना काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. पिल्लं एकाच लॉटमधली, एकाच आकाराची, संख्या सारखी. खाद्याचे डबे अ आणि ब असे लिहून एकाने तयार करायचे आणि खाऊ घालणाऱ्याला अ म्हणजे काय हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. डोळ्यांना जे हवं ते दिसतं, माझ्याही.

एकाच तळ्यात हापे (जाळीचे पिंजरे) लावून करू नका. पाणी सगळ्यांचं एक, त्यामुळे धुपलेली पावडर आणि जिवाणू दोन्हीकडे फिरतात.

मोजायचं काय? सुरुवातीचं आणि शेवटचं वजन, खाल्लेलं खाद्य, मरतूक. विशिष्ट वाढ दर काढायला शेवटच्या आणि सुरुवातीच्या सरासरी वजनांच्या नैसर्गिक लघुगणकांतला फरक घ्या, दिवसांनी भागा, १०० ने गुणा. ५ ग्रॅमचं पिल्लू ६० दिवसांत १२ ग्रॅमचं झालं तर दर रोज सुमारे १.४६ टक्के. खाद्य रूपांतर म्हणजे दिलेलं खाद्य भागिले वाढलेलं वजन, आकडा जितका कमी तितका चांगला.

आणि खिंडसीकाठ, तुमच्यासाठी खरी परीक्षा वेगळी. शेवटी दोन्ही गटांतली सारख्या संख्येची पिल्लं नेहमीसारखी जाळ्यात धरा, मोजा, पिशवीत भरा, गाडीतून तेवढाच वेळ फिरवा आणि परत आणून पाण्यात सोडा. पुढचे काही दिवस मरतूक मोजा. तुमचं नुकसान तिथेच होतंय ना, मग कसोटीही तिथेच लावा.

सकाळचं_पाणी
वेळेचा मुद्दा राहिला. डिसेंबर-जानेवारीत इथलं पाणी इतकं गार होतं की रोहू-कटल्यासारखे कार्प मासे जेमतेम खातात. तेव्हा प्रयोग केला तर दोन्ही गट सारखेच दिसतील आणि तुम्ही म्हणाल पावडर वाया गेली. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर ठीक.

बायोफ्लॉक_कळमेश्वर
आणि पिल्लांच्या अंगावर आर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ, असेल तर? आमच्याकडे रोहूला फार होते.

पाणवनस्पती
त्याला आतड्यातलं काहीही उपयोगी नाही, तिचा वेगळा बंदोबस्त. तसंच लाल चट्टे, पोट फुगणं, खवले उभे राहणं दिसलं तर तो बहुधा एरोमोनास या जिवाणूचा संसर्ग असतो. जाळ्यात खरचटलेल्या जागेतून तो आत शिरतो. प्रीबायोटिक त्यावरचं औषध नाही. ते आजाराआधीचं बळ आहे, आजारानंतर त्याची वेळ गेलेली असते. मासा घेऊन महाविद्यालयात किंवा मत्स्य व्यवसाय विभागात दाखवा. आणि कोणाच्या सांगण्यावरून टाकीत अँटिबायोटिक ओतू नका. ज्या जिवाणूंना खाऊ घालायला तुम्ही पैसे मोजताय तेच त्याने मरतात, आणि उरतात ते औषधाला न जुमानणारे. ते पुढे आपल्याच घरात येतात.

खिंडसीकाठ, जाळं सुती बारीक गाठींचं वापरता की खरखरीत नायलॉनचं? आणि भरण्याआधी पिल्लांना उपाशी ठेवता का?

खिंडसीकाठ
जाळं नायलॉनचं. उपाशी ठेवत नाही, उलट प्रवासात अशक्त होऊ नयेत म्हणून सकाळी पोटभर घालतो.

पाणवनस्पती
मग पावडर आणण्याआधी हे बदला. भरलेल्या पोटाची पिल्लं पिशवीत विष्ठा टाकतात, ऑक्सिजन जास्त खातात आणि अमोनियाने गुदमरतात. भरण्याआधी निदान एक दिवस खाद्य बंद ठेवून त्यांना हाप्यात, वाहत्या पाण्यात ठेवायची रीत आहे. त्यात पोट रिकामं होतं आणि गर्दीची सवयही लागते. पिशवी गिऱ्हाइकाच्या तळ्यात आधी तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी हळूहळू आत घ्या. जाळं बिनगाठीचं आणा.

जुनं_जाळं
हे आम्ही पहिलेपासून करतो जी. पिल्लाला पोटभर घालून गाडीत बसवत नाही कोणी.

खिंडसीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. गटाच्या बैठकीत हे वाचून दाखवलं. ठरलं ते असं: या हंगामात भरण्याची पद्धत सगळ्याच पिल्लांसाठी बदलायची, रात्रीचा एरेटर लावायचा, ढेपेचा साठा कमी ठेवायचा. त्याबरोबर सहा सारख्या टाक्या बाजूला काढल्या आहेत, तिन्हीत पावडर, तिन्हीत नाही, चिठ्ठ्या टाकून. डबे माझी बहीण भरेल, खाऊ मी घालीन. आकडे इथेच देईन, फरक पडो वा न पडो.

एकच शंका. वजन करताना प्रत्येक वेळी सगळी पिल्लं काढायची का?

पाणवनस्पती
नको, सगळी काढलीत तर त्या हाताळणीचाच ताण त्यांना बसेल. प्रत्येक टाकीतून तीसेक पिल्लं, दर पंधरा दिवसांनी, सकाळच्या गारव्यात. वजनाच्या आदल्या संध्याकाळी खाद्य देऊ नका, नाहीतर पोटातलं खाद्यच तोलाल. पाण्यासकट भांडं आधी तोलून ठेवा, मग त्यात पिल्लं सोडा. सहाही टाक्यांना हीच पद्धत आणि तोच तराजू. काही अडलं तर इथेच विचारा, मी रोज बघते.